वायव्येतला वास्तुपुरुष

जेद्दात एसी बंद करण्याचा एक दिवस असतो. तो कुठल्याही कॅलेंडरात सापडत नाही. डिसेंबरातल्या कुठल्याशा दुपारी माझी सून सायली इस्पितळाच्या लॅबमधून घरी येते, पर्स खांद्यावरून न काढताच खिडकी सरकवते, तवा तापलाय का बघावं तसा हाताचा तळवा बाहेर धरते आणि म्हणते, "आई, बंद करू या?" मग एकेका खोलीतला एसी खाकरल्यासारखं करून थांबतो. दहा महिने सतत घरघर ऐकून कानाला तिचीच सवय झालेली असते. ती थांबली की एकदम कबुतरं ऐकू यायला लागतात. खाली कुणीतरी चमच्याने पेला ढवळतंय, पलीकडच्या गल्लीत चेंडू भिंतीवर आपटतोय, हे सगळं इतके दिवस चालूच होतं की काय, असं वाटतं.

परवा तो दिवस आला. माझी नात ईरा सोफ्यावर उताणी पडून म्हणाली, "आजी, सुनो ना. आय कॅन हिअर माय ओन इअर्स."

"कान ऐकू येत नाहीत गं, कानांनी ऐकू येतं."

"सेम थिंग, आजी."

असेल बाई. मी तिच्याशी वाद घालत बसले नाही, कारण मला घाई होती. मी माझ्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला उकिडवी बसले आणि फरशीला कान लावला. माझे गुडघे कुरकुरले, तेवढाच आवाज. खालून काही नाही. पाच हिवाळे झाले, तरी एसी बंद झाला की मी ही तपासणी करते. घरातले सगळे ओळखून आहेत. मंदार दारातून डोकावून म्हणाला, "काय, सगळं ठीक आहे ना खाली?" आणि हसत निघून गेला. आईला हसायचं ट्रेनिंग पोरांना कुणी द्यावं लागत नाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी जेमतेम सहासष्टची होते. अक्कल यायचं ते वयच नव्हे.

मंदार इथे जहाजांच्या कंपनीत. अकरा वर्षं त्यांनी भाड्याच्या घरांत काढली, तीन घरं बदलली, आणि प्रत्येक घरात सायलीने भिंतीला खिळा ठोकण्याआधी मालकाला विचारलं. मग मंदारला तो खास इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना मिळाला, ज्याला कफील, म्हणजे हमी घेणारा इथला मालक लागत नाही आणि ज्यावर परक्या माणसालाही घर विकत घेता येतं. झालं, सायलीने घरं बघायचा सपाटा लावला. मंदारला ऑफिसजवळचं एक घर पसंत होतं. सायलीने उत्तरेकडच्या नव्या वस्तीतलं हे पहिल्या मजल्यावरचं घर धरून ठेवलं. कारण काय, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या अंगणातलं बोराचं झाड दिसतं. मंदार फोनवर मला म्हणाला होता, "आई, ही झाड बघून घर घेतेय." मी म्हटलं, "घेऊ दे. मी तुझ्या बाबांचा नुसता फोटो बघून लग्न केलं."

मी आले ऑक्टोबरात, त्यांनी सामान हलवल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. आल्या आल्या पहिला बिघाड मीच शोधून काढला. न्हाणीघरात गार पाण्याचा नळ सोडला तर कढत पाणी. मी ओरडले, "अरे, नळ उलटे बसवलेत मेल्यांनी!" तर म्हणे, तसं नसतं. गच्चीवरची टाकी उन्हात तापते, म्हणून इथली माणसं उन्हाळाभर गिझर बंद ठेवतात आणि गार पाण्यासाठी त्याचाच नळ सोडतात. हा बिघाड माझ्या यादीतून खोडावा लागला. पण काळजी नव्हती, खरे बिघाड रांगेत उभेच होते. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की बाल्कनीतला दिवा लागायचा. बाल्कनीतलं बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. ते कुणासाठी होतं, अजून कळलेलं नाही. न्हाणीघराचा उतार जाळीकडे सोडून दाराकडे, त्यामुळे आंघोळ मी करायची आणि पाय हॉलमधल्यांचे धुतले जायचे. एका खिडकीची मूठ सायलीच्या हातातच आली. ती मूठ हातात घेऊन ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पहिल्या पाच-सहा बिघाडांना ती अशीच हसली. नवं घर लहान मुलासारखं असतं, पहिले काही महिने त्याचं सांडणं-लवंडणंही कौतुकाचं. मग हळूहळू हसू पातळ होत गेलं. मंदारने लॅपटॉपवर डिफेक्ट लिस्ट केली. तो वाचून दाखवायचा आणि ती मान खाली घालून ऐकायची, शाळेत वर्गशिक्षिकेसमोर पालक ऐकतात तशी.

बिल्डरने दुरुस्तीला पाठवला तो गनीभाई. खेडचा. वीस वर्षं इथल्या कामगारांच्या कॅम्पात राहिलेला, पण जिभेवरची जगबुडी नदी आटलेली नव्हती. पहिल्या दिवशी त्याने दारातून "कोण हाय का घरात?" असं विचारलं आणि मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. मी मूळची सांगलीची, पण अंगाची काहिली करणाऱ्या त्या ओल्या उकाड्यात मला खेड म्हणजे माहेरच वाटलं. तो बटणं उघडायचा, मी चहा करायचे. मंदार-सायली कामावर, ईरा शाळेत. अशा रिकाम्या सकाळी माझ्या डोक्यात किडा वळवळला.

किडा म्हणजे वास्तुपुरुष.

सायलीने आधीच सांगून टाकलं होतं, "आई, दूध उतू घालवू, पुरण घालू, पाच माणसं जेवायला बोलावू. बाकी खणाखणी नको हं. नवी फरशी आहे." मी "बरं" म्हटलं. मी बरं म्हटलं की आमच्या घरातले जाणते लोक सावध होत असत. पण ते जाणते म्हणजे आमचे हे, आणि ते आता नाहीत. माझ्या बॅगेत गोड्या मसाल्याच्या डब्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत, सांगलीच्या सोनाराकडून घडवून आणलेली बोटभर चांदीची प्रतिमा होती. वास्तुपुरुष जमिनीखाली गेल्याशिवाय घर आपलं होत नाही, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

"गनीभाई, एक फरशी काढून द्याल? खाली चार बोटांचा खड्डा."

"काय पुरताय काय आजी? सोना?"

मी सांगितलं. त्याने छन्नीचं टोक अंगठ्याने पुसलं. मग म्हणाला, "आमच्या शेजारच्या जोश्यांनी पण घर बांधला तवा पुरला होता. खड्डा मी करून देतो. ठेवायचा काय तो तुम्ही ठेवा, मी हात लावायचा नाय. पण बाईंना विचारलंत?"

"विचारलं," मी म्हटलं. किती सहज! आज तो क्षण आठवला की त्या सहासष्ट वर्षांच्या कार्टीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

आता वास्तुपुरुषाची जागा आग्नेय कोपऱ्यात. आग्नेय कुठे? खिडक्यांना उन्हासाठी दुहेरी पडदे, ते दिवसभर ओढलेले. मी गनीभाईला विचारलं, "तुम्ही नमाजाला कुठे तोंड करता?" त्याने हॉलच्या दाराकडे हात केला, "किब्ला हिकडं." झालं. मला दिशा सापडली. सांगलीला आमच्या घरामागे मशीद होती, जन्मभर बघत आले होते, नमाज पश्चिमेला तोंड करून. तेव्हा दार ही पश्चिम. त्याच्या उलट ती पूर्व. मग आग्नेय म्हणजे माझ्याच खोलीचा पलंगाजवळचा कोपरा. मला वाटलं, बघा, देवाची योजना.

गनीभाईने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "आजी, ह्या भिंतीच्या पल्याड बाथरूम हाय. हिथं पाइप असंल. स्टोरच्या कोपऱ्यात करू काय? तिथं सुका हाय."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "गनीभाई, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय मी. दिशा मला शिकवू नका."

छन्नी जपून मारली त्याने, अगदी हळू, पण मी त्याच्या डोक्याशी उभी राहून "अजून खोल, अजून खोल" करत होते. प्रतिमा ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर सिमेंट, वर फरशी, वर पलंगाचा पाय. सायली संध्याकाळी आली तेव्हा मी इतकी शहाण्यासारखी बसले होते की तिने विचारलं, "आई, बरं नाहीये का?"

मग दूध उतू गेलं, पुरण झालं, पाच माणसं जेवून गेली. नोव्हेंबर गेला. एसी घरघरत राहिले.

आणि डिसेंबरात, त्या पहिल्या शांत दुपारी, मी पलंगावर आडवी झाले तर खालून आवाज. थेंबासारखा नव्हे. कुणीतरी दातांतून हळूच श्वास घ्यावा तसा, स्स्स्... मी उठून बसले. आवाज होताच. पुन्हा आडवी झाले, तरी होताच. मला तत्क्षणी कळलं. बायकांना आपलं पाप लांबून ओळखू येतं. मी काय केलं? कोपऱ्यात चटई घातली आणि त्यावर माझी बॅग ठेवली. पाणी जणू बॅगेला घाबरणार होतं.

याची मला जुनीच सवय. सांगलीला आम्ही दोन खोल्या घेतल्या तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि जागा मी पसंत केली होती. पहिल्याच आठवड्यात मोरी तुंबली, मग स्वयंपाकघराच्या भिंतीला कपाळापासून कमरेपर्यंत भेग गेली. भेगेवर मी एक मोठ्ठं कॅलेंडर लावलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांची बोलायची पद्धत निराळी होती. मोरी तुंबली की हवेला विचारल्यासारखं म्हणायच्या, "हे घर कुणी पसंत केलं म्हणे?" एवढंच. दहा वर्षं. मी तेव्हा शपथ घेतली होती की माझ्या सुनेला हा प्रश्न मी मरेपर्यंत विचारणार नाही. शपथ पाळली हो. एकदाही विचारला नाही. फक्त चटईवर बॅग ठेवून गप्प बसले. गप्प बसूनही तोच प्रश्न विचारता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या उम्म फहद, म्हणजे फहदची आई, वर आल्या. माझ्याच वयाच्या, उंच, सुरकुत्यांतही देखण्या. हातात खजुराची डबी. आधी डबी सायलीच्या हातात दिली, ईराचा गाल ओढला, आणि मग अगदी अवघडून, जणू चूक त्यांचीच असावी तसं, बोटाने वरच्या दिशेला दाखवलं. त्यांच्या मजलिसच्या छतावर, पाहुणे बसतात त्या खोलीच्या बरोबर मध्यावर, ओल आली होती.

सायली बघून आली आणि तिने रवा भाजायला घेतला. शिरा केला, वर बदाम लावले, डबा घेऊन खाली गेली. मी जिन्यावर उभी होते. तिचं मोडकंतोडकं अरबी वर ऐकू येत होतं. "आसिफा, आसिफा," एवढाच शब्द मला कळला, माफ करा. ती तो परत परत म्हणत होती. उम्म फहद म्हणत होत्या, "मालेश, मालेश," जाऊ दे गं. पण ही थांबेचना. माझ्यासाठी माफी मागत होती ती, आणि तिला ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मंदार म्हणाला, "हे बघ, बटणं, उतार इथपर्यंत ठीक होतं. पण आतून पाइप गळायला लागले म्हणजे सगळं बांधकामच तसलं असणार. विकून टाकू. परत भाड्याने राहू." तो रागावलेला नव्हता. म्हणूनच ते वाईट होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

सायलीने वरणात भात कालवता कालवता मान हलवली. "विकू या. मला घर बघता येत नाही. मी झाडच बघत राहिले." आणि मग माझ्याकडे न बघता, "आईंना पण कधी आवडलं नव्हतंच. त्या काही बोलत नाहीत, पण मला कळतं."

ही बोलत होती माझ्या सुनेच्या आवाजात, पण खुर्चीवर मला सांगलीची एकोणतीस वर्षांची मीच बसलेली दिसली. तरीही, हे लिहायला लाज वाटते, मी त्या वेळी बोलले नाही. "कोशिंबीर घे गं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बिल्डरचा माणूस फरशी फोडायला येणार होता. दार उघडलं तर गनीभाई. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो हॉलमध्ये पिशवी ठेवून हळूच म्हणाला, "आजी, मी तर म्हणेन माझीच छन्नी लागली. तुमचा नाव येणार नाय."

"आणि तुमची नोकरी?"

"आता काय," तो म्हणाला आणि पिशवीतून हातोडी काढायला लागला.

म्हणजे सून माझ्या वाटची माफी मागणार, घर माझ्या वाटचं विकलं जाणार, आणि नोकरी माझ्या वाटची हा माणूस घालवणार. मी एकटीच तेवढी गोड्या मसाल्याच्या डब्यासारखी घट्ट झाकण लावून बसणार. मी स्वयंपाकघरात गेले. सायली खिडकीशी उभी होती, बोराच्या झाडाकडे बघत, निघायच्या आदल्या दिवशी गावाकडे बघावं तशी.

"सायली, पाइप आतून गळला नाही. मी फोडला."

"काय?"

"मी म्हणजे गनीभाईने. पण त्याने नको म्हटलं होतं. मीच खोल खण म्हटलं. खाली वास्तुपुरुष आहे."

मी सगळं सांगितलं. मसाल्याचा डबा, पडदे, किब्ला, सांगलीची मशीद, आग्नेय. किब्ल्याशी आले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"आई, मक्का कुठे आहे जेद्दापासून?"

"पश्चिमेला."

"पश्चिमेला समुद्र आहे, आई. मक्का पूर्वेला. इथून तासाभरावर." तिने फोनमधलं होकायंत्र काढून माझ्या नाकासमोर धरलं. "तुम्ही आग्नेय म्हणून वायव्येला पुरलंय. आग्नेय तिकडे, स्टोररूममध्ये. जिथे गनीभाई म्हणत होते." मग तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं, रडतेय. "तीस वर्षं भूगोल?"

"सातवीपर्यंतच शिकवत होते," मी म्हटलं.

ती हसता हसता रडली, का रडता रडता हसली, ते मला नीट सांगता येणार नाही. नाक मात्र माझ्या पदराला पुसलं. पण मग थांबली, आणि हा प्रश्न तिने खरंच विचारला: "पण एवढे दिवस का नाही सांगितलंत? मला वाटत होतं, तुम्हाला घर आवडलं नाही. मी रोज तुमचं तोंड बघत होते."

"अगं, आवडलं म्हणूनच तर खणलं," मी म्हटलं. "नावडत्या घरात कोण वास्तुपुरुष पुरतं?"

तिने माझा पदर सोडला. मग हॉलमध्ये जाऊन मंदारला म्हणाली, "घर विकायचं नाहीये. घराला काही झालेलं नाही. तुझ्या आईला झालंय." आणि बिल्डरला फोन करून सांगितलं की हा बिघाड त्यांचा नव्हे, आमचा, गनीभाईची दिवसाची मजुरी आमच्याकडून. गनीभाईने फरशी काढली, पाइपचा तुकडा बदलला. प्रतिमा चिखलात बरबटली होती. मी ती धुतली, आणि स्टोररूमकडे निघाले, तर सायलीने अडवलं. "राहू दे तिथेच. पाइपच्या बाजूला, हातभर जागा सोडून. आता आणखी एक खड्डा नको." मंदार म्हणाला, "वायव्येत चालतो का?" ती म्हणाली, "आपण चालतोच ना इथे. तोही चालवून घेईल."

मग वळून मला म्हणाली, "पण उम्म फहदना तुम्ही सांगायचं. मी येणार नाही. माझं आसिफा संपलं."

मी गेले. शाळेतून मी ज्या नापास मुलांना घरी पाठवत असे, जिना उतरताना त्यांच्यासारखी माझी अवस्था. उम्म फहदनी मला मजलिसमध्ये बसवलं, त्या ओलीच्या बरोबर खाली, आणि छोट्या पेल्यात कावा, म्हणजे इथली कॉफी ओतली. भाषा एकमेकींना येत नाही. मी छताकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी. मी केलं. त्यांना कळेना. मग मी हातोडी मारल्याचा अभिनय केला. मग खड्डा दाखवला. मग बोट उभं करून एक छोटा माणूस दाखवला, त्याला हळूच आडवं केलं, खड्ड्यात ठेवलं आणि वरून माती लोटली. उम्म फहद डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होत्या. कावा देणारा हात वाटेतच थांबला. ह्या बाईने कुणाला मारून पुरलं, हा त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न कुठलीही भाषा न येता वाचता आला असता.

तेवढ्यात मागून हसू ऐकलं. सायली दारात उभी होती. येणार नाही म्हणाली होती. ती माझ्याशेजारी येऊन बसली, घराच्या बरकतीसाठी आमच्यात काय करतात ते तिने तिच्या तुटक अरबीत समजावलं. उम्म फहदनी आधी कपाळाला हात लावला, मग माझ्या मांडीवर थाप मारून हसायला लागल्या. मग त्यांनी सायलीला विचारलं, माझ्याकडे हनुवटी करून, ही तुझी कोण.

बाहेरच्यांशी बोलताना सायली मला नेहमी "मंदारच्या आई" म्हणायची. मी कितीदा ऐकलंय फोनवर. त्या दिवशी ती म्हणाली, "उम्मी."

एवढं अरबी मला कळतं.

"सासूला अरबीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून तसं म्हटलं," असं ती आजही सांगते. सांगू दे.